शेपटीचा तुकडा

आरोइताला गावात दोन नावं होती. एक जन्माचं, आणि दुसरं शाळेतल्या पोरांनी ठेवलेलं: कशावरूनबाई. पोरगं म्हणालं, "बाई, दुपारी वारा पडणार," की ही विचारणार, "कशावरून?" पोरगी रडत आली, "बाई, तेबानोने माझी पेन्सिल घेतली," तरी डोळे पुसायच्या आधी प्रश्न तोच. नीरा काढायला माडावर चढलेल्या माणसाने वर गाणं म्हणायचं अशी आमच्याकडची रीत आहे. ही गोष्ट घडली त्या वर्षी मात्र गडी गाणी सोडून एका माडावरून दुसऱ्या माडावर "कशावरून रे?" असं ओरडायचे आणि हसता हसता खाली पडायच्या बेताला यायचे. आरोइताला ते ऐकू जायचं. हसतील त्यांचे दात दिसतील, असं म्हणून ती सायकल मारत शाळेत जायची.

वय त्रेचाळीस. नवरा परदेशी जहाजावर खलाशी, दोन वर्षांतून एकदा घरी येणारा. मूल नाही. ती मामाकडे राहायची, तोंगाबिरीकडे. ती सहा वर्षांची असताना त्याने तिला बहिणीकडून मागून घेतली आणि आपली म्हणून वाढवली. आमच्याकडे कुणी मूल मागितलं तर नाही म्हणत नाहीत. पाचवीत असताना तिने गुरुजींना विचारलं होतं, विहीर समुद्रापासून वीस पावलांवर आहे, मग तिचं पाणी खारट का नाही? गुरुजींनी उत्तर दिलं नाही, तिला उन्हात उभं केलं. तोंगाबिरीला कळलं तेव्हा तो जाळं टाकून तसाच ओलाचिंब आला आणि घंटा होईपर्यंत तिच्या शेजारी उन्हात उभा राहिला. गुरुजींना त्याने एक शब्द विचारला नाही. घरी जाताना तिला म्हणाला, "विचारत जा. ऊन काय, सगळ्यांवरच पडतं."

पुढे ती शिक्षिका झाली आणि बरीच वर्षं तिनेही तेच केलं जे तिच्या गुरुजींनी केलं होतं. फळ्यावर लिहायचं, पोरांनी उतरवायचं, परीक्षेत तेच परत घ्यायचं. मग राजधानीत तीन आठवड्यांचं शिबिर झालं. शिकवायला ऑस्ट्रेलियाहून एक उंच बाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, पाठ करणं ही सगळ्यात खालची पायरी. पारखून बघणं, चूक हुडकणं, स्वतः प्रयोग रचणं ह्या वरच्या पायऱ्या, आणि पोरांना तिथवर चढवायचं. निघताना प्रत्येकाला प्लास्टिक चढवलेला एक तक्ता मिळाला: बघा, मोजा, गट पाडा, अंदाज करा, एकच गोष्ट बदला आणि बाकीच्या तशाच ठेवा, मग बोला. असे तक्ते आमच्या बेटांवर दर दोन-चार वर्षांनी येऊन पडतात, लाटांबरोबर रिकाम्या बाटल्या येतात तसे. बाकीच्या शिक्षकांनी तो भिंतीला लावला आणि पुन्हा खडू उचलला. आरोइताने तो खरा मानला. ह्याला गुण म्हणा की खोड म्हणा.

दोन बेटांमध्ये भराव घालून रस्ता झाला त्याच्या पुढच्या वर्षापासून दक्षिणेच्या खडकावरचे मासे बाधू लागले. भरावामुळेच झालं का, ते नक्की सांगता येणार नाही. आरोइताच्या गावात असं बेधडक बोलायची सोय राहिली नव्हती. मासा दिसायला ताजा, चवीला उत्तम, आणि खाल्ला की संध्याकाळी ओठ बधिर, पोटात कळा, सांधे ठणकायला लागलेले. सगळ्यात मोठी खूण म्हणजे थंड पाण्यात हात घातला की चटका बसायचा. ही खूण शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. मासा सोडून खायचं काय? तांदूळ जहाज येईल तेव्हा, आणि बाबाई नावाच्या मोठ्या अळवाचे कंद सणासुदीला. तेव्हा लोक जुन्या परीक्षांवर भरवसा ठेवून मासा खात राहिले. कुणी म्हणे, माशीला विष कळतं, माशी बसली तर खुशाल खावा. कुणी म्हणे, माशीचं काही खरं नाही, आधी मांजराला घालावा.

आठवीच्या वर्गात ह्यावरून भांडण झालं. तेबानो म्हणाला, माझे आजोबा सांगतात माशीच खरी. आरोइताने काय विचारलं असेल ते सांगायला नको. पण ह्या वेळी ती नुसती विचारून थांबली नाही. तिने तेवीस पोरांना सांगितलं, तुम्हीच शोधून काढा.

पोरांनी प्रयोग रचला, आणि रचला तो खरोखर चांगला. वहीत रकाने आखले: मासा कोणता, कुठल्या खडकावरचा, वजन किती, दहा मिनिटांत माश्या किती बसल्या, मांजराने खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी मांजर कसं, आणि तोच मासा खाल्लेली माणसं दुसऱ्या दिवशी कशी. जुन्या जाळ्याचा पिंजरा करून त्यात चार मांजरं ठेवली. त्यातल्या सगळ्यात जाड्याचं नाव पोरांनी 'हेडमास्तर' ठेवलं. खरे हेडमास्तर बाउरो यांनी ते ऐकलं नसल्यासारखं केलं.

माशाचा तुकडा घरून यायचा. शाळेने मागितल्यावर घरातून काय देणार? शेपटीचा तुकडा. डोकं आणि त्याला लागून आलेली कलेजी घरातल्या सगळ्यात वडील माणसाची, आणि गावजेवण असलं की सभाघरात बसलेल्या सगळ्यात वडील माणसाची. मधला भाग बाकीच्यांचा. शेपटी पोराची नाहीतर मांजराची. हे कुणी ठरवलेलं नव्हतं आणि कुणी कधी मोडलेलंही नव्हतं. मासा कापायला बसलं की हात आपोआप तसेच चालतात. आरोइताचेही तसेच चालायचे.

अकरा आठवड्यांत एकतीस मासे झाले. माश्या एकतीसही माशांवर बसल्या. मांजरं चार माशांनंतर आजारी पडली, मागचे पाय ओढत चालायला लागली, त्यातलं एक मेलं. ते चार मासे पोरांनी खड्डा खणून पुरले, त्यांवरही माश्या घोंघावत होत्याच. उरलेले सत्तावीस मासे लोकांनी खाल्ले. दुसऱ्या दिवशी पोरं वही घेऊन दारोदार गेली. अंगणात उभं राहून विचारायचं, "आजोबा, बरे आहात ना?" सत्तावीस वेळा उत्तर आलं, "बरा आहे." माशी खोटी, मांजर खरं. आरोइताने आकडे तीनदा तपासले आणि मगच फळ्यावर लिहिले. पोरांनी काहीतरी शोधलं होतं, जे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

मनेआबात, म्हणजे आमच्या गावाच्या सभाघरात, उनिमाने बसतात. उनिमाने म्हणजे गावातले वडीलधारे पुरुष. त्यांचं मत आधी वाईटच पडलं. पोरांनी बापजाद्यांची माशी खोटी पाडली, आता उद्या आम्हालाही खोटं पाडतील, असं काबुआ म्हणाला. काबुआ वयाने दुसरा. पहिला तोंगाबिरी. सत्त्याहत्तर वर्षांचा तोंगाबिरी आपल्या जागेवरून उठला.

"माशी मला माझ्या बापाने शिकवली," तो म्हणाला. "माझा भाऊ माशी बसलेला मासा खाऊन आठ महिने अंथरुणाला खिळला होता. विचारायचं तेव्हाच विचारायला हवं होतं. मी नाही विचारलं. ह्या पोरांनी विचारलं."

झालं. त्या दिवसापासून माडांवरची थट्टा बंद झाली. दक्षिणेच्या खडकावरचा मासा मिळाला की शेपटी आधी शाळेत यायची आणि दुसऱ्या दिवशी मांजर धड असलं की आरोइताच्या सहीची चिठ्ठी घरी जायची. राजधानीतून पत्र आलं, अधिकारी प्रयोग बघायला येणार. आरोइता त्या महिन्यात कधी नव्हे ती आनंदात होती. बिचारीच्या वाट्याला आनंद आला तो तेवढाच.

अधिकारी यायच्या आदल्या दिवशी वर्ग सजवणं चाललं होतं. तिनाई नावाची मुलगी, तेरा वर्षांची, योतेबा कोळ्याची, वही घेऊन टेबलाशी आली. अक्षर वेडंवाकडं, पण डोळा असा की पिंजऱ्यातल्या मांजराची मिशी पडली तरी हिला दिसायची.

"बाई, आपण मांजराला दर वेळी शेपटीच देतो."

"बरं मग?"

"माणसं नुसती शेपटी खात नाहीत ना. तक्त्यावर लिहिलंय, एकच गोष्ट बदला आणि बाकीच्या तशाच ठेवा. आपण तशाच नाही ठेवल्या. डोक्याचं काय ते आपल्याला माहीतच नाही."

आरोइताच्या हातात चिकटपट्टी होती. तिने मान वर केली. "मग काय करू म्हणतेस? तोंगाबिरीआजाच्या पुढचं डोकं उचलून हेडमास्तरला घालू?"

वर्ग फिस्सकन हसला. खरे हेडमास्तर दारातच उभे होते, त्यामुळे आणखीच हसला. तिनाईही हसली, पण तिचे कान लाल झाले होते.

"वहीत लिहून ठेव," आरोइता म्हणाली. "पुढच्या आठवड्यात बघू."

तिने हे पुढे स्वतःच कबूल केलं: प्रश्न तिला कळला होता. पुरता कळला होता. पण वडील माणसाचा वाटा मांजरासाठी मागणं म्हणजे तू आणि मांजर आम्हाला सारखेच असं त्याच्या तोंडावर म्हणणं. सगळं गाव आत्ता कुठे बाजूने झालं होतं, उद्या पाहुणे येणार होते. गुरुजींनी तिला उन्हात उभं केलं होतं. तिने तिनाईला सावलीत ठेवून हसण्यावारी नेलं, इतकाच काय तो फरक. पाहुणे आले, फोटो झाले, चौकटीतलं प्रशस्तिपत्रक भिंतीला लागलं. पुढचा आठवडा आला नि गेला. आणखी दोन गेले.

मनेआबाचं छप्पर नव्याने शाकारून झालं आणि गावजेवण ठरलं. योतेबाला दक्षिणेच्या खडकावर एक इंगो मिळाला, लालभडक, दोन हात लांब, असा मासा वर्षातून एखाद्या वेळी मिळतो. गुरुवारी शेपटी शाळेत आली. शुक्रवारी सकाळी मांजर पिंजऱ्यात अंग चाटत बसलं होतं. आरोइताने चिठ्ठीवर सही केली. चिठ्ठी न्यायला तिनाईच आली होती. तिने कागदाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि चिठ्ठी घेऊन गेली. मुलीला एकदा हसं झालेलं पुरतं.

दुपारी डोकं आणि कलेजी तोंगाबिरीपुढे ठेवली. त्याने सावकाश, सगळ्यांच्या देखत, गालाचं मांस, डोळे, कलेजी सगळं खाल्लं, जसं खायला हवं तसं. अर्धवट टाकणं म्हणजे आणणाऱ्याचा अपमान. योतेबा समोर मांडी घालून अभिमानाने बघत होता.

दिवस मावळायच्या आत म्हातारा ओकायला लागला. इतरांपैकी पाच-सहा जणांचे ओठ झिणझिणले, दोघांना जुलाब झाले, पण ते उठून बसले. तोंगाबिरीची नाडी मंद होत गेली. दवाखान्यातल्या नर्सने सलाईन लावलं आणि रेडिओवर राजधानीला कळवलं. विमान मंगळवारी. शनिवार गेला. रविवारी दुपारी त्याला बरंच भान आलं. आरोइताने ओल्या फडक्याने त्याचा हात पुसला, तर त्याने हात झटकन मागे घेतला.

"भाजतंय?" तिने विचारलं.

"भाजायचंच ते. सवय झालीय आता."

ती फडकं धरून तशीच बसली. "सवय? मामा, केव्हापासून?"

म्हातारा छपराकडे बघत होता. "तुझ्या पोरांनी दुसरा मासा तपासला, का तिसरा. तेव्हापासून. येतं, जातं. तळपाय खाजतात. काबुआचेही खाजतात. तो सांगायचा नाही."

"पोरं दर वेळी येत होती. वही घेऊन येत होती. तू बरा आहे म्हणून सांगितलंस! सत्तावीस वेळा सगळ्यांनी बरा आहे म्हणून सांगितलं!"

"पोरं अंगणात उभी राहून म्हणतात, आजोबा, बरे आहात ना. त्याला दुसरं काय उत्तर असतं, आरो? लेकरांपुढे कण्हायचं?" त्याने दम घेतला. "आणि मनेआबात उभा राहून बोललो होतो मी. माझ्याच भाचीची मांजरं मीच खोटी पाडायची होती का?"

चार महिने झाले ती त्याच्यासाठी रोज आंघोळीचं पाणी तापवत होती. त्याने पहाटेची गार नीरा सोडली होती, ती कोमट करून मागायचा. म्हातारपणी थंड सोसत नाही म्हणाला, तिने मान डोलावली. ज्या बाईने दीडशे घरांत पोरं पाठवून विचारपूस केली, तिला स्वतःच्या चुलीवरचं भांडं दिसलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिला तेव्हा इतकी लाज वाटली की रडूही आलं नाही. सोमवारी दुपारी तोंगाबिरी गेला.

गावाने तिला दोष दिला नाही. उलट येऊन येऊन समजूत घातली. हेडमास्तर म्हणाले, "सत्त्याहत्तर म्हणजे वय झालंच होतं, बाई. तुम्ही उगाच मनाला लावून घेऊ नका. आणि शाळेचं नाव झालंय, त्याला बट्टा लागेल असं काही बोलू नका." बायका म्हणाल्या, तो खडकाच्या टोकाला बसायचा, तिथली जागा चांगली नाही. मूठमाती होऊन पाच दिवस झाले नाहीत तोच एक बाप शेपटीचा तुकडा घेऊन शाळेत हजर. मांजर आहे ना अजून? चिठ्ठी मिळेल ना?

आता वयाने सगळ्यात मोठा काबुआ. पुढचं डोकं त्याचं. आरोइता गप्प राहिली असती तर मांजरं राहिली असती, चौकट राहिली असती, वर्गात प्रश्न विचारणारी पोरं राहिली असती, आणि काबुआ मेला असता. बोलली तर बहुतेक हे सगळं जाणार होतं. तिने दोन रात्री विचार केला असं लोक सांगतात. ते खोटं आहे. तिने त्या माणसाला शेपटीसकट परत पाठवलं आणि त्याच संध्याकाळी बोलायची परवानगी मागितली.

मनेआबात बाईमाणूस आपणहून बोलत नाही. हेडमास्तरांनी नाखुशीने तिच्या वतीने शब्द टाकला. वडीलधाऱ्यांपुढून वाकून, माफी मागत ती मधोमध आली आणि चटईवर बसली. तिने काही लपवलं नाही. प्रयोग चुकला. मांजर शेपटी खात होतं, विष बहुधा डोक्यात आणि कलेजीत जास्त होतं. आम्ही "बरे आहात ना" विचारत होतो आणि तुम्ही रीतीचं उत्तर देत होता, ते आम्ही खरं म्हणून लिहिलं. चिठ्ठीवर सही माझी होती. ह्यापुढे दक्षिणेच्या खडकावरच्या माशाचं डोकं कुणीच खाऊ नये. निदान त्याचा तुकडा आधी मांजराला घालावा.

इथे ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण तिला वाटलं, एक देणं राहिलंय.

"हे माझ्या वर्गातल्या मुलीने आधीच ओळखलं होतं," ती म्हणाली. "योतेबाच्या तिनाईने. डोक्याचं काय, असं तिने मला तीन आठवडे आधी विचारलं. मी हसले. तिचं ऐकलं असतं तर मामा आज इथे बसला असता."

पोरीला तिचा मान मिळावा एवढंच तिच्या मनात होतं. काबुआ एका पायाचा तळवा दुसऱ्या पायावर घासत होता. तिने ते पाहिलं, आणि तिने पाहिलं हे त्यानेही पाहिलं. त्याने पाय आखडून घेतला.

"म्हणजे," काबुआ म्हणाला, "त्या पोरीने तोंगाबिरीचं डोकं मांजरासाठी मागितलं."

"मागितलं नाही, उनिमाने. प्रश्न विचारला."

"तो जिवंत असताना."

"प्रश्नच विचारला."

"आणि मासा कुणी आणला?" मागून कुणीतरी म्हणालं. "तिच्याच बापाने ना?"

त्यापुढे कुणाला काही सांगावं लागलं नाही. पोरगी वडील माणसाच्या घासाबद्दल अभद्र बोलली, बापाने मासा आणला, म्हातारा मेला. एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं. आरोइताने वर्षभर आठवीच्या पोरांना शिकवलं होतं की असा निष्कर्ष काढायचा नसतो, आणि पोरं ते शिकलीही होती. थोरांना कुणी शिकवलं नव्हतं. काबुआने निर्णय सांगितला: शाळेने माशांना हात लावायचा नाही. मांजरं सोडून द्यायची. पोरांनी वह्या घेऊन दारोदार हिंडायचं नाही. डोकं जिथे जातं तिथेच जाईल. तिनाईबद्दल तो अवाक्षरही बोलला नाही, आणि ते सगळ्यात वाईट झालं. योतेबा आपल्या जागेवरून उठला, वाकला आणि बाहेर निघून गेला.

आठवड्याभरात एक बारसं झालं. डोकं काबुआपुढे ठेवलं. त्याने ते सगळ्यांच्या देखत, सावकाश खाल्लं. तो अजून जिवंत आहे. हात मात्र गरम पाण्याने धुतो.

तिनाईशी मुली बोलेनात. तिची आई विहिरीवर गेली की बाकीच्या बायका घडे उचलून चालू लागत. योतेबाने मुलीला उत्तरेच्या बेटावर मावशीकडे पाठवायचं ठरवलं. तिथे मोठी शाळा नाही, सहावीपर्यंतचीच आहे. आरोइताला कळलं तेव्हा ती सायकलवरून तशीच त्यांच्या घरी गेली. योतेबाने चटई टाकली, नीरेचा पेला पुढे केला. आमच्याकडे घरी आलेल्यावर कुणी राग काढत नाही.

"योतेबा, तिला पाठवू नका. फार हुशार आहे."

"माहीत आहे मला."

"मी तिचं भलं व्हावं म्हणून नाव घेतलं."

"तेही माहीत आहे." तो जाळ्याची गाठ सोडवत होता, वर बघत नव्हता. "शाबासकी शाळेत द्यायची असते, बाई. मी तिथे बसलो होतो. मला आधी विचारायचंत."

ती पेला संपवून उठली.

गुरुवारी खोबरं न्यायला होडी आली. आरोइता शाळा सोडून किनाऱ्यावर गेली. शाळेच्या वेळात ती वर्गाबाहेर दिसली अशी ही पहिलीच खेप. तिनाई गुडघाभर पाण्यात उभी होती, डोक्यावर कपड्यांचं गाठोडं, शेजारी केवड्याच्या चटईची गुंडाळी धरून तिचा मामेभाऊ. पोरीने बाईंना पाहिलं आणि गाठोडं सावरत परत वाळूत आली.

"बाई, एक विचारू?"

आरोइताने मान हलवली.

"मी विचारलं म्हणून आजोबा मेले असं सगळे म्हणतात. मी विचार केला त्याच्यावर. मी विचारलं नसतं तरी मासा तोच होता. डोकं आजोबांनीच खाल्लं असतं. म्हणजे माझ्यामुळे नाही मेले."

"नाही. तुझ्यामुळे मुळीच नाही."

"हो. पण मग दुसरी बाजू पण बघायला पाहिजे ना." पोरगी डोळे बारीक करून बोलत होती, पिंजऱ्यासमोर बसून बोलायची तशी. "मी विचारलं, तरी मेले. नसतं विचारलं, तरी मेले असते. दोन्हीकडे तेच. मग विचारून काय फरक पडला?"

होडीवाल्याने हाक मारली. आरोइताच्या मनात बरंच काही येऊन गेलं, शिबिरातलं, तक्त्यावरचं, शिक्षक अशा वेळी देतात तसलं. त्यातलं एकही वाक्य ह्या पोरीपुढे टिकणार नाही हे तिला दिसत होतं.

"पडला असता," ती म्हणाली. "मी हसले नसते तर. फरक मी पाडायचा होता. मी नाही पाडला."

तिनाईने क्षणभर विचार केला. मग तिने मान डोलावली, वर्गात कुणाचं उत्तर बरोबर आलं की डोलवायची तशी, आणि पाण्यात उतरून होडीकडे गेली. तिने बाईंना माफ केलं नाही की दोष दिला नाही. उत्तर बरोबर आहे, एवढंच मान्य केलं. आरोइता होडी खडकाबाहेर पडेपर्यंत किनाऱ्यावर उभी होती. मग ती शाळेत परत गेली. बावीस पोरं वह्या उघडून, पेन्सिली हातात धरून, बाई फळ्यावर काय लिहितात त्याची वाट बघत मुकाट बसली होती.